विबिडियसची नक्कल

नाही, असे चालत नव्हते आमचे हे. परत दारापर्यंत जा आणि ये — आणि दात काढू नकोस, प्रेत समोर आहे. तुला भावोजींनी ठरवलंय, मी नाही. उद्या ह्यांचा मेणाचा मुखवटा लावून, ह्यांचाच टोगा पांघरून तू तिरडीपुढं चालणार, ह्यांच्यासारखं बोलणार, आणि अख्खं रोम म्हणणार, वा, हुबेहूब विबिडियस. नटालाही पोट असतं, चालायचंच. पण नवरा माझा होता, तेव्हा नक्कल मी सांगेन तशी. डावा पाय जरा ओढ — एवढा नको, लंगडे नव्हते ते, ऐटीत ओढायचे.

आवाज? आवाज हळू. बाजाराचे अधिकारी होते तेव्हा कुणाकडं खोटं माप सापडलं की हळूच म्हणायचे, "फोडा." लोकांना वाटायचं, काय शांत माणूस. असेल बापडा शांत, घरात तर मी राहत होते ना. शिंक आली की आधी त्या कपाटाकडं बघायचे, वाडवडिलांचे मुखवटे आहेत त्यात — जशी काही त्यांची परवानगीच हवी. ते दाखव, हसतील लोक.

अजून काय हवंय? सगळ्यांच्या ओळखीची लकब? आहे ना. डाव्या खांद्यावरची टोग्याची घडी दोन बोटांनी उचलायची, नीट बसवायची आणि पाठ फिरवायची. सभेत कुणाचं तोंड बंद करायचं तर एवढं पुरायचं. कर — घाई नको, आधी खाली बघ. तिथं, फरशीवर. समज, सुईणीनं माझी पोर ठेवलीय तिथं, अजून ओली आहे. बापानं उचलली तर घरची, नाहीतर — तू इथलाच ना? मग तुला काय सांगायचं. मी आतल्या खाटेवर, दार उघडं. ती रडत नव्हती रे, बघत होती. तिसरी मुलगी, हुंडा कुठून आणू, असं काहीतरी बोलायचं तरी — तेही नाही. घडी बसवली आणि निघून गेला. हो, गेला म्हणाले मी, आता कोण ऐकतंय? सुईण तिला टोपलीत घालून भाजीबाजारात नकोशी पोरं सोडतात त्या खांबाशी ठेवून आली. मी मागाहून दासीला पळवलं, तर टोपलीसुद्धा नाही. कुणी नेली, कशाला नेली — तुझ्यासारख्यांच्याच एखाद्या तांड्यात नाचत असेल. माझ्याकडं काय बघतोस, फरशीकडं बघ. हं. आता तो मुखवटा चढव, आणि घडी.

बस.

हे उद्या करायचं नाही. चाल दाखव, शिंक दाखव, हसव सगळ्यांना, एवढं मात्र नाही. भावोजींनी विचारलं तर सांग, वहिनी नको म्हणाल्या. काढ तो मुखवटा. माझ्या हातात नको, तिथंच जमिनीवर ठेव. असू दे. मी नाही उचलणार. जा तू.