एक कार्यक्रम, एक खण

नाही, पण मी म्हणते, सकाळी दोन तास भाषण, दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली मुंगीचे पाय मोजायचे, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून वाद घालायचा, याला तुम्ही काय म्हणाल? व्याख्यान? कार्यशाळा? चर्चासत्र? तुम्ही काहीही म्हणा हो, तुमच्या बापाचं काय जातंय! फॉर्म मला भरायचा असतो!

तुम्हाला सांगते, मी मुंग्यांवर संशोधन करणाऱ्यांच्या मंडळात नोकरीला आहे. जगभरातले चारशे सभासद, आणि त्यांची एक वेबसाइट. कोण कुठे काय बोलणार ते वेबसाइटवर मी टाकायचं. टाकायला खण पाच. परिषद, व्याख्यान, कार्यशाळा, चर्चासत्र आणि इतर. आणि आमचे सचिव... चष्मा कपाळावर, बोट हवेत... 'मॅडम, एक कार्यक्रम, एक खण! नियम म्हणजे नियम!' अहो, पण माणसं अशी खणाखणांत बसतात का? मागे एकदा एका प्राध्यापकांचा फोन, 'माझं व्याख्यान चर्चासत्रात टाकलंत? माझ्याशी चर्चा कोण करणार?' मी म्हटलं, कोणीच नाही सर, खरंय तुमचं... आणि दिलं हलवून.

आता 'इतर'ची गंमत ऐका. पहिल्या चार खणांत काही टाकलं की चारशे जणांना आपोआप पत्र जातं. 'इतर'चं पत्र कोणाला जात नाही. तिथे शेवटचं काय होतं माहितीये? 'गुरुवारी टाकी धुणार, पाणी येणार नाही.' त्याआधी एक हरवलेली छत्री.

आणि या खणात सचिव म्हणाले, काकांना टाका!

काका म्हणजे आमचे मुंग्या सांभाळणारे. एकतीस वर्षं वारुळाचे काचेचे डबे धुतले, मुंग्यांना खाऊ घातलं, प्रत्येक पाहुण्याच्या भाषणाला खुर्च्या मांडल्या. निवृत्त व्हायला आठवडा राहिला, तेव्हा माझ्या टेबलापाशी येऊन उभे. हातातलं फडकं पिळतायत, पिळतायत... 'ताई, एकदा मीपण बोलू का? अर्धा तास. कोणी आलं तर.' कोणी आलं तर! मी तशीच उठले, सचिवांकडे गेले.

सचिव म्हणाले, 'बोलू दे की. इतर.' मी म्हटलं, सर, माणूस उभा राहून बोलणार, बाकीचे बसून ऐकणार, मग हे व्याख्यान नाही तर काय टाकी धुणं आहे? 'मॅडम, एक कार्यक्रम, एक खण! आणि व्याख्यानाला पदवी लागते!'

लागते, हे मात्र खरं. फॉर्ममध्ये 'वक्त्याची पदवी' हा रकाना आहे, त्याला लाल चांदणी. भरल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही मेलं! काका दहावी. मी दोन मिनिटं त्या चांदणीकडे बघितलं, ती माझ्याकडे बघत होती... आणि लिहिलं, 'एकतीस वर्षं.' चांदणी गेली! खण व्याख्यान! गेली चारशे पत्रं!

घरी सासूबाईंना सांगितलं तर म्हणतात, 'अगं, मुंगी होऊन साखर खावी, कशाला वाकड्यात शिरतेस?' म्हटलं, आई, मुंग्यांना साखर घालणाऱ्यालाच 'इतर' म्हणतायत, मग मी वाकड्यात नाही शिरायचं तर कोणी शिरायचं?

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर काका 'इतर'मध्ये! सचिवांनी हलवलेले. मी परत व्याख्यानात. जेवून येते तर पुन्हा इतर! मी पुन्हा व्याख्यान! ते 'एक कार्यक्रम, एक खण' म्हणत तिकडे सरकवतायत, मी दात-ओठ खात इकडे ओढतेय, पाच दिवस! आणि दोघांच्याही लक्षात नाही की व्याख्यानात ओढलं की दर वेळी चारशे जणांना नवं पत्र जातंय! एकाच भाषणाची नऊ पत्रं! लोकांना वाटलं, असा कोण मोठा वक्ता येतोय, ज्याची पदवी एकतीस वर्षं? कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का हो?

सभागृह फुल्ल! खुर्च्या कमी पडल्या. काका सवयीने आणायला धावले, तर मंडळाचे अध्यक्ष स्वतः उठले, 'तुम्ही बसा, आज आम्ही आणतो.' मग काका उभे राहिले. कागद नाही, पडदा नाही. म्हणाले, 'डबा उघडताना मी श्वास धरतो. मुंगीला आपला श्वास लागला की ती घाबरते, मग दिवसभर नीट वागत नाही. तुम्ही साहेब लोक डब्यावर वाकून बोलता... मग वहीत लिहिता, मुंगी बेचैन आहे.' एवढं बोलून पाणी प्यायले. पहिल्या रांगेतले ते प्राध्यापक, ज्यांच्याशी चर्चा कोणी करू शकत नाही, ते डोक्याला हात लावून म्हणाले, 'दोन वर्षांची निरीक्षणं गेली माझी!' आणि पुढे तास-दीड तास काकांना प्रश्नच प्रश्न. मी मागे उभी राहून रडले, लाज कसली त्यात?

शिक्षा? झाली ना! सोडतायत होय? सचिवांनी लेखी पत्र दिलं, 'शिस्तभंगाबद्दल वेबसाइटचं काम आपल्याकडून काढून घेण्यात येत आहे. यापुढे कार्यक्रम मी स्वतः टाकीन.' मी म्हटलं, टाका की! जन्मभर टाका! घेतलं पत्र, केली सही, मान ताठ!

तेव्हापासून तुम्हाला सांगते... एक मिनिट हं, फोन वाजतोय... हां सर... नाही सर, गेलं नाही कुठे... खाली बघा, अजून खाली... 'जतन करा' दाबायचं राहिलंय, सर... हो, आजही... राहू द्या सर, तुम्ही उठा, मी येते.