चार मेणबत्त्या आणि फुलाखालची माशी

जबाब, दिनांक १५ मार्च, रविवार, सकाळी ११ वाजून २० मिनिटे

मी फाउस्तिना लासो मेंदोसा, वय ५१ वर्षे, धंदा मधमाश्या पाळणे व मध-मेणबत्त्या विकणे, राहणार सान मातेओ दे ला पेन्या, ओढ्यापलीकडचे शेवटचे घर, ओआहाका. विचारल्यावरून समक्ष सांगते की,

मी वरील ठिकाणी मुलगी ओदिलिया, वय २२, हिच्यासह राहते. नवरा वारला आहे. माझ्याकडे मधमाश्यांच्या आठ पेट्या आहेत. मागच्या मे महिन्यापर्यंत एकोणीस होत्या. शेजारच्या शेताचे मालक गामालिएल सांतियागो यांनी भर दिवसा, फुलावर आलेल्या लसूणघासावर फवारणी केली. संध्याकाळपर्यंत पेट्यांसमोर माश्यांचा थर साचला, तो मी आणि ओदिलियाने खराट्याने झाडला. गामालिएल कुंपणापाशी येऊन म्हणाले होते, "माश्याच त्या. परत येतील." त्यावर मी चारचौघांत म्हणाले होते की, यांच्या घरात माझ्या मेणाचा उजेड कधी पडणार नाही. हे सगळ्या गावाला माहीत आहे.

आमच्या गावात मुलीला मागणी घालायला जाताना मुलाकडचे मेणाची फुले लावलेल्या चार मेणबत्त्या नेतात. मुलगी मुलाबरोबर आधीच निघून गेली असेल तर तिच्या आईबापांचा राग काढायलाही त्याच नेतात. त्या मुलीच्या घरी देवापुढे पेटवल्या म्हणजे राग संपला. अशा मेणबत्त्या कोणाच्या दारी जाणार, हे बनवणाऱ्याने विचारायचे नसते. विचारले तर सोयरीक फिसकटते. माझ्या आईने कधी विचारले नाही, मीही नाही.

जानेवारीच्या शेवटी ओदिलियाने सांगितले की, बाजारात एका बाईने अशा चार मेणबत्त्या सांगितल्यात. मी नाव विचारले नाही. उरलेल्या आठ पेट्यांचे मेण धुतले, बारा दिवस उन्हात वाळवून पांढरे केले. वाती लोखंडी कड्याला टांगून रोज सकाळी सुक्या भोपळ्याच्या तुंब्याने त्यांवर मेण ओतत गेले. मेणबत्त्या कमरेएवढ्या उंच झाल्या. फुले मी करत नाही. गरम मेणाने माझ्या बोटांची कातडी मेली आहे, पाकळी कुठे जाड कुठे पातळ ते कळत नाही. सात वर्षे फुले ओदिलियाच करते. या वेळी पाकळ्या तिने दोन दोनदा मोडून पुन्हा केल्या. मी म्हणालेसुद्धा, "कोणाच्या घरची गं ही सून? इतकं नखरेल काम!" ती म्हणाली, "विचारायचं नसतं ना, आई?" आणि हसली. मीही हसले.

गुरुवार दिनांक १२ रोजी सकाळी साडेसहाला ती मधाच्या बाटल्या व त्या चार मेणबत्त्या घेऊन बाजाराला निघाली. मेणबत्त्या तिने आधीच कागदात गुंडाळल्या होत्या. पाठीवर बांधायला मी मदत केली. दोरीची गाठ मी मारली. मी तिला म्हणाले, "सावलीतून जा, मेण वाकेल." दुपारी ती परत आली नाही, संध्याकाळीही आली नाही.

शुक्रवारी मी याच ठाण्यात मुलगी व चार मेणबत्त्या हरवल्याची तक्रार दिली. गामालिएल यांचा मुलगा एफ्राइन याच्या मोटारसायकलवर तिला पाहिल्याचे एका बाईने सांगितले, म्हणून त्याने पळवून नेल्याचा संशय मी लिहून दिला. शनिवारी त्याला आणले. ओदिलिया कुठे आहे, हे त्याने साहेबांना सांगितले नाही. मी कोठडीपाशी जाऊन विचारले तेव्हा खाली बघून एवढेच म्हणाला, "उद्यापर्यंत थांबा, काकू. तुमच्या पाया पडतो." मी त्याला नको ते बोलले, ते इथे लिहू नये.

आज सकाळी सातच्या सुमारास अंगणात माणसे आली. पुढे नासारियो रुईस होते, गावात मागणीची बोलणी तेच करतात. मागे पावाच्या टोपल्या घेतलेल्या बायका आणि शेवटी गामालिएल, टोपी हातात. नासारियोंच्या हातात कागदात गुंडाळलेल्या चार मेणबत्त्या होत्या. दोरीला माझी गाठ होती. त्यानंतर काही वेळ मला काय ऐकू आले ते सांगता येणार नाही, नासारियो रीतीचे शब्द बोलत होते एवढे आठवते.

मी विचारले, "पोर जिवंत आहे?"

गामालिएल म्हणाले, "माझ्या बहिणीकडे आहे. बायकांत झोपते, सुखरूप आहे. मेणबत्त्या पोचायच्या आधी सांगायचं नसतं, फाउस्तिनाबाई. रीत आहे."

मी म्हणाले, "तीन दिवस मी विहिरीत डोकावत होते, आणि तुम्ही पाव भाजत होतात?"

ते म्हणाले, "पोरगा कोठडीत गेला, तेव्हा मी निघालोच होतो सांगायला. तोच म्हणाला, बाबा, आधी मेणबत्त्या, नाहीतर काकू आयुष्यभर म्हणतील की चोरून नेली."

मी म्हणाले, "मग काय केलंत? ओवाळून नेलीत?"

मी नासारियोंच्या हातातून एक मेणबत्ती ओढून घेतली आणि गुडघ्यावर मोडली. कागद फाटून फुले जमिनीवर पडली. बायका रडू लागल्या. नासारियो म्हणाले, "अगं, काय केलंस हे!"

सर्वांत खालचे फूल उलटे पडले होते. त्याच्या खाली मेणाची माशी होती.

याचा खुलासा असा की, गिऱ्हाइकाच्या मेणबत्तीवर आम्ही माशी लावत नाही. माशी फक्त आमच्या घरच्या देवापुढच्या मेणबत्तीला, खालच्या फुलाआड. ही आमच्या घराची खूण आहे, माझ्या आईपासूनची. बाहेर कोणाला ठाऊक नाही. मी बाकीच्या तिन्हींचे कागद फाडून पाहिले. तिन्हींना माशी होती.

प्रश्न विचारल्यावरून सांगते की, ओदिलिया साडेनऊ वाजता ठाण्यात आली व आपण मर्जीने गेलो असे साहेबांना म्हणाली, ते मी ऐकले. तेवढ्यावर मी विश्वास ठेवला नसता. माणूस धाकाने काहीही बोलतो. परंतु त्या माश्या तिने माझ्या अंगणात, माझ्यापासून दोन हातांवर बसून केल्या, तेव्हा तिला कोणाचा धाक नव्हता. मेणबत्त्या आपल्याच दारी येणार, हे तिला ठाऊक होते. मला नव्हते. चाळीस दिवस मी स्वतःच्या मुलीच्या मागणीचे मेण ओतत होते आणि तिने मला एक शब्द सांगितला नाही. मे महिन्यातल्या माझ्या त्या एका वाक्यामुळे सांगितला नाही, हे मला कळते.

एफ्राइनला सोडावे. त्याच्यावर माझा राग आहे, तक्रार नाही. त्याच्या बापाविरुद्ध फवारणीची तक्रार मे महिन्यापासून याच ठाण्यात आहे, ती मी मागे घेत नाही. सोयरीक झाली तरी घेणार नाही, हे गामालिएल यांना सांगितले आहे. त्यांनी मान खाली घालून "हो" म्हटले.

पुरावा म्हणून ठेवलेल्या तीन मेणबत्त्या खिडकीतून हलवाव्यात. तिथे ऊन येते, दुपारपर्यंत वाकतील. चौथी मी मोडली आहे. तीन पेटवत नाहीत, चारच लागतात. चौथी नव्याने ओतायला मला नऊ दिवस लागतील. फुले मला येत नाहीत. ओदिलिया बाहेर बाकावर बसली आहे, मी अद्याप तिच्याशी बोललेले नाही. आत्ता मला बोलता येणार नाही, म्हणून साहेबांनीच तिला सांगावे की, उद्या सकाळी मेण वितळवायला ठेवत आहे.

वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवला, मी सांगितला तसाच लिहिला आहे. अंगठ्याचा ठसा दोनदा घेऊनही उठला नाही, म्हणून सही करते.

फाउस्तिना लासो मेंदोसा