एकाला एकच पिशवी

टोकियोच्या संग्रहालयात, एका चित्रकाराचं प्रदर्शन पाहून झाल्यावर दुकानापुढच्या रांगेत माझ्यासमोर दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या.

“ताई, आपण ऊठसूट खरेदी करतो म्हणून तो चित्रकार आतल्या चित्रांतून आपल्यालाच हसलाय.”

“हसू दे. त्याच्याच चित्राची पिशवी घ्यायला तासभर उभ्या आहोत आपण.”

“घरात पिशव्यांचा डोंगर आहे तुझ्या.”

“त्यांच्यावर डोळा मारणारा नूडल्सचा कप नाही. मी दोन घेणार.”

“एकाला एकच, पाटी वाच. दुसरी कशाला?”

“तुझ्या भाऊजींच्या फोटोपुढे ठेवायला. जन्मभर तेच नूडल्स खाल्ले त्यांनी, माझ्या हातचं सोडून.”

“मग आता एकेक घेऊ आणि पुन्हा शेवटी जाऊन उभ्या राहू.”

पिशव्या मिळताच दोघी खिदळत रांगेच्या शेवटाकडे पळाल्या. माझी पिशवी घेऊन मीही त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले. आईच्या फोटोपुढे ठेवायला मलाही एक हवी होती.