तिसरा कागद

शिवाजीनगरच्या बसच्या रांगेत मागचं जोडपं मोकळेपणानं मराठीत बोलत होतं; बंगळुरात कुणाला कळतंय! पुढे उभ्या भाग्यलक्ष्मी निवांत ऐकत होत्या.

"समोरच्या बाईंची पिशवी बघा. अख्खा बाजार उचललाय."

"अगं, आज प्लॉट ठरवायचाय. नगररचनेच्या हापिसात आम्हाला हेच शिकवतायत. एका ट्रेसिंग पेपरवर तळी, दुसऱ्यावर चढउतार. एकावर एक ठेवले की कळतं, पाणी कुठं तुंबणार. राजाजीनगरात चढावरचाच प्लॉट घ्यायचा."

"आणि तिथं दिवसभर मी बोलू कुणाशी? मराठी शेजारीण कुठल्या कागदावर आहे?"

"तो कागद अजून काढलेला नाही."

भाग्यलक्ष्मी वळल्या.

"राजाजीनगरच्या चढावरच राहते मी, अक्का. आता ही पिशवी स्वल्प... जराशी धरा बघू."