बहिष्काराचा पुरस्कार

दाताच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या म्हाताऱ्या मुद्रितशोधकाने शेजारच्या मावशी-भाचीकडे कान लावला.

“तुमच्या नाटक मंडळीला पुरस्कार मिळाला आणि मला पेपरातून कळतं?”

“कुठला पुरस्कार, मावशी?”

“हे बघ. ‘पॅलेस्टिनींच्या पाठिंब्यासाठी मंडळीने सांस्कृतिक बहिष्काराचा पुरस्कार केला.’ अख्ख्या इमारतीला सांगून आले मी!”

“अगं, पुरस्कार केला म्हणजे उचलून धरला! इस्रायल सरकारच्या पैशावर होणाऱ्या महोत्सवाला आम्ही येत नाही म्हणून कळवलं.”

“म्हणजे तिथला तुझा प्रयोग?”

“रद्द.”

“बारा वर्षं दासी झालीस, आत्ता कुठे राणी होणार होतीस! कुणी ठरवलं हे?”

“मतं घेतली. सात विरुद्ध सहा.”

“त्या सातव्याचा कानच उपटते, थांब.”

“हा घे. फक्त डूल सांभाळ, नवं आहे.”

“तू? स्वतःच्या हाताने?”

“सगळ्यांत शेवटी वर केला गं मी हात. पण तिकडे माणसं मरताहेत आणि मी त्याच सरकारच्या मंचावर मुकुट घालून मिरवू?”

“नको मिरवूस. पण राणी मला बघायचीच आहे. इथेच कर.”

“इथे? या सुजलेल्या तोंडांपुढे?”

“याहून चांगले प्रेक्षक कुठे मिळणार? मध्येच एक जण बोलायचा नाही!”

भाची पोट धरून हसली. मग डोळे पुसून, मान ताठ करून उभी राहिली. मुद्रितशोधकाने मासिकांचं टेबल मागे ओढून तिला जागा करून दिली.