तांब्याच्या जाळ्या चिंचेने घासल्याबाबत

पुरवणी जबाब, यवत पोलीस ठाणे
ता. १२/०२/२०२५

मी, चांगुणा साहेबराव टकले, वय ५३ वर्षे, धंदा साफसफाई व मदतनीस, रा. यवत, ता. दौंड, जि. पुणे. कोणी न बोलावता ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगते की, ६ तारखेला याच टेबलावर मी जो जबाब दिला तो अर्धा होता. राहिलेला आज देते.

मी हायवेच्या आतल्या बाजूच्या खाजगी प्रयोगशाळेत सहा वर्षांपासून कामाला आहे. सूर्यात जशी ऊर्जा होते तशी इथे करता येईल का, हे तिथे शोधतात. एका टाकीतली हवा काढून तीत थोडा गॅस सोडतात, विजेने त्याचे भारलेले बारीक कण करतात आणि ते तांब्याच्या तीन जाळ्यांतून ओढून घेतात. एकेका जाळीला दोनशे ऐंशी भोके आहेत. भोके नीट समोरासमोर असली आणि त्यांच्या कडा धड असल्या, तर सगळ्या धारा लांबवर रुपयाएवढ्या जागेत पडतात. म्हैस पिळताना धार चरवीतच पडावी, तसे. एवढे मला प्रांजलने समजावले होते.

प्रांजल सर्जेराव शितोळे, वय २६, रा. तळेगाव ढमढेरे, ही तिथे टेक्निशियन आहे. जाळ्यांच्या कपाटाची किल्ली तिच्या ताब्यात असे.

सोमवारी, ३ फेब्रुवारीला, बाहेरून तपासणी समिती येणार होती. शुक्रवारी ३१ जानेवारीला दुपारी तीनच्या सुमारास प्रांजलला मीटिंगला बोलावले. जाताना तिने माझ्याकडे किल्ली दिली आणि म्हणाली, "मावशी, कपाट आतून पुसून घ्या. जाळ्यांना तेवढा हात लावू नका."

मी कपाट उघडले. जाळ्या काळवंडल्या होत्या. आमच्या घरी पाहुणे यायचे असले आणि देवापुढचा तांब्या काळा राहिला, तर घरच्या बाईला तोंड दाखवायला जागा राहत नाही. ऑफिसातला पाहुण्यांचा तांब्याही मीच उजळते. प्रयोगशाळेचे प्रमुख इंद्रजीत साहेब त्याबद्दल चारचौघांत माझे नाव घेतात, त्याची मला घमेंड होती. चहाच्या खोलीत माझी चिंच ठेवलेली असते. मी चिंच, मीठ आणि चिमूटभर रांगोळी घेऊन काथ्याने तिन्ही जाळ्या घासल्या. भोकेही आतून घासली. धुतल्या, पदराने पुसल्या, होत्या तशा ठेवल्या. किल्ली प्रांजलला परत दिली. जाळ्यांचे तिला सांगितले नाही. म्हटले, बघेल तेव्हा खूश होईल.

शनिवारी प्रांजल रजेवर होती, किल्ली शुक्रवारी संध्याकाळीच साहेबांकडे देऊन गेली होती. जाळ्या साहेबांनी बसवल्या. "प्रांजलनं मस्त साफ केल्यात," असे ते म्हणाले. मी शेजारी फरशी पुसत होते. मला बरे वाटले.

सोमवारी समितीसमोर मशीन चालू केले. धार एका जागी पडेना, पसरली. मग आत ठिणग्या उडाल्या आणि एका जाळीचा कोपरा वितळला. मंगळवारी साहेबांनी जाळ्या काढून भिंगाखाली पाहिल्या. भोकांच्या कडा झिजल्या होत्या, आत मीठ होते. कोणीतरी मुद्दाम केले असे ते म्हणाले आणि शुक्रवारी दिवसभर किल्ली कोणाकडे होती ते विचारले. प्रांजलने माझ्याकडे पाहिले नाही. "माझ्याकडंच होती, सर," म्हणाली. तिने दुसऱ्या कंपनीत मुलाखत दिली होती हे साहेबांना कळलेले होते. त्यांनी तिला कामावरून थांबवले आणि इथे तक्रार दिली.

६ तारखेला मला विचारले, तेव्हा मी सांगितले की किल्ली प्रांजलच्या ताब्यात असते. हे खरे आहे. एवढेच बोलून मी घरी गेले आणि भाकरी थापल्या. त्याची मला लाज वाटते. हे असेच लिहा म्हणून मी सांगितले आहे.

रविवारी मी जीपने तळेगावला तिच्या घरी गेले. तिने चहा केला. म्हणाली, "मावशी, तुमचं वय झालं. तुम्हाला दुसरं काम कोण देणार? मला मिळंल." पोलीस केस अंगावर असलेल्या पोरीला कोण काम देणार, हे मला कळत होते. तरी मी चहा पिऊन परत आले. याची पहिल्यापेक्षा जास्त लाज वाटते.

काल साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले. "आता भरवशाच्या तुम्हीच राहिलात," म्हणाले आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. मी घेतली. रात्रभर ती कनवटीला होती. ती आज टेबलावर हजर करत आहे. साहेबांना परत द्यावी.

प्रांजलने जाळ्यांना काही केलेले नाही. माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे.

वरील मजकूर हवालदार बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. मागच्या जबाबावर माझा अंगठा आहे. बाईंनी विचारले की सही येते का, तर येते. मागच्या वेळीही येत होती. जेवणाच्या सुट्टीत प्रांजलने मला शिकवली. म्हणून त्या कागदावर ती करायला हात धजला नाही. आज करते.

समक्ष,
चांगुणा साहेबराव टकले