तिसऱ्या पुकारीला मी उभी ऱ्हायले

तुमी बसा ताई, माझ्याकडं नका बघू, मला बसून बोलता येत न्हाई, सवयच न्हाई. हितं लोनावळ्याच्या तुंगार्लीत या बंगल्यावर गेट उघडायचं, झाडलोट करायची, मालक आले की सैपाक करायचा, असंच आयुष्य गेलं. आमी ख्रिश्चन, मूळचे नगरकडचे, पन माझा जन्म खंडाळ्याचा. बाप रेल्वेत गँगमन, घाटात रुळावर काम करायचा. शाळंत कुरवंड्याच्या पोरी इचारायच्या, सारा, तुमच्यात कुकू लावत न्हाईत, मग बाईचं लगीन झाल्यालं कळतं कसं? मी म्हनायचे, कळतं की, मानूस संध्याकाळी घरी येतो त्यावरनं. लय हसायचो. पुढं माझाच मानूस घरी यायचा थांबला, तवा ते हसनं आठवायचं.

शमुवेल नाव माझ्या नवऱ्याचं, ड्रायव्हर. आमच्यात लग्नात वचन द्यावं लागतं, चर्चाचे पाळकसाहेब म्हनतील तसं मागनं म्हनायचं, सुखात, दुखन्यात, मरेपर्यंत. मी एवढ्या मोठ्यानं म्हनले की मागच्या बाकावरची हसली. त्यो हळू बोलला, मला वाटलं लाजतोय. पोरगी रूथ शाळंत जायला लागली आन ह्यो पनवेलला गाडीवर गेला तो तिकडचाच झाला, दुसरी बाई केली. भांडन न्हाई, मारझोड न्हाई, काय सांगू तुमाला, तसं काय असतं तर चार लोकांत बोंबलता तरी आलं असतं. लोक म्हनले सोडचिठ्ठी घे, दुसरं लगीन कर, तू काय म्हातारी झालीस का. एक मास्तर इचारायलाबी आलते, बायको वारलेली, चांगला मानूस. पन मी म्हनलं, देवाम्होरं बोलले ते आता गिळू कशी? त्यानं गिळलं ते त्याचं त्याच्यापाशी.

आमच्यात जेवायच्या आधी घरची प्रार्थना असती. ती बापानं घ्यायची, बाप न्हाई म्हनल्यावर मी घ्यायचे. रूथला सांभाळ, मालकांना सांभाळ, शेजारच्या आजारी म्हातारीला सांभाळ, आन शमुवेल जितं असंल तितं त्याला सांभाळ. दात खाऊन म्हनायचे, पन म्हनायचे, येक दिवस चुकवला न्हाई. पोरीपाशी त्याचं वाईट कवा बोलले न्हाई, आईबापाचा मान राखायचा ही आमची शिकवन.

आता रूथ खंडाळ्याच्या हॉटेलात कामाला हाय आन तिचं लगीन ठरलंय. पोरगा लोनावळ्याचाच, आमच्याच चर्चातला, सुपारीचंबी व्यसन न्हाई. सगळं ब्येस चाललेलं आन येक दिवस ती म्हनती कशी, चर्चात मला पप्पा घेऊन येनार, मी फोन केलाय, ते हो म्हनले. आमच्यात नवरीचा हात धरून बाप तिला दारापासनं पाळकापर्यंत आनतो. मी पोळ्या करत होते, लाटनं तसंच हातात ऱ्हायलं. पाळकसाहेबांकडं गेले तर ते म्हनले, बाप जिवंत हाय, मान त्याचाच, आन माफ करनं आपलं काम. माफी मान्य हो, पन तवापासनं मला चैन न्हाई, दूध उतू जातंय, मालकांच्या चहात मीठ पडलं.

लग्नाआधी तीन रविवार पाळकसाहेब चर्चात दोघांची नावं पुकारत्यात, कुनाची हरकत असंल तर उभं ऱ्हावं म्हनत्यात. कोन उभं ऱ्हातंय, नुसती रीत. तिसरी पुकार झाली. रविवार म्हनजे लोनावळ्यात गाड्यांचा पूर, पाळकसाहेबांनी हरकतीचं इचारलं आन भायेर कुनीतरी हॉर्न मारला, आन मी उठले. इतक्या वर्सांची सवय, हॉर्न वाजला की गेट. उभी ऱ्हायल्यावर कळलं मी कुटं हाय. सगळं चर्च माझ्याकडं बघतंय, रूथ पांढरीफटक, नवरदेवाच्या आईनं तोंडाला पदर लावलेला. पाळकसाहेब म्हनले, साराबाई, तुमची हरकत हाय?

चुकले म्हनून बसायचं, लोक हसले असते, मिटलं असतं. पन गुडघं वाकंनात. मी म्हनलं, लग्नाला हरकत न्हाई साहेब, पोरीचा हात जो धरनार हाय त्याला माझी हरकत हाय.

पाळकसाहेब म्हनले ही हरकत पुकारीत येत न्हाई, मागनं बोलू, आन गीत सुरू केलं. भायेर आल्यावर रूथ रडली न्हाई, त्याचंच वाईट वाटलं. ती म्हनली, आई, रोज त्यांचं नाव घ्यायला कोनी शिकवलं मला? आता ते यायला निघाले तर तूच दार लावतीस. खरंच व्हतं ताई. त्याला रोज पानावर मीच बसवलं व्हतं, आन आता ऊठ म्हनत व्हते.

दोन दिवस आमी कामापुरतं बोललो. परवा प्रार्थनेत सगळ्यांची नावं झाली, जावयाचं झालं, आन शमुवेलपाशी माझी जीभ अडकली, पयल्यांदाच. पोरगी डोळं मिटून थांबली, मग तिनंच म्हनलं, पप्पांना सांभाळ, आन त्याच्यामागं हळूच, आईला सांभाळ. ताई, एवढी वर्सं मी सगळ्या जगाला सांभाळ म्हनत आले, त्यात माझं नाव कवा आलंच नव्हतं, आन मला ते कळलंबी नव्हतं. आमेन म्हनायच्या आधीच रडू फुटलं.

मग मीच म्हनलं, येऊ दे त्याला, येक हात त्यो धरंल, दुसरा मी. ती म्हनली, आई, दुसऱ्या हातात फुलं असत्यात. मी म्हनलं, फुलं ठिव बाकावर. हसली, व्हय म्हनली. पाळकसाहेबांना अजून सांगितलं न्हाई, बघू काय म्हनत्यात.

लगीन शनिवारी हाय, तुमी या. प्रभू तिला भरल्या घरात ठेवो, तिचा मानूस संध्याकाळी घरी येवो, आनखी काय मागू. पन जीव थाऱ्यावर न्हाई बघा. त्यो ड्रायव्हर मानूस, चर्चाच्या गेटाशी आला की हॉर्न मारल्याबिगर ऱ्हानार न्हाई, आन मी उठनार, ते मला ठावं हाय.